पाचव्या अवस्थेत दर बॅचला रेशीम अळ्या का मरतात, आणि दुरुस्ती कुठून सुरू करावी

तुतीचा पाला चांगला असतो, चॉकी (केंद्रात वाढवलेल्या लहान अळ्या) एकसारखी आलेली असते, चौथा मोल्टही (कात टाकण्याचा टप्पा) नीट पास झालेला असतो, आणि पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेच्या पाचव्या-सहाव्या दिवशी, चंद्रिका (अळ्या कोष बांधतात ती चौकट) टाकायची वेळ जवळ आलेली असताना, अळ्या बेडच्या कडेला येऊन सुजतात, फुटतात आणि मरतात. मराठवाड्यातील तुती रेशीम उत्पादकांकडून ही तक्रार वारंवार ऐकू येते, आणि ती सांगणाऱ्याच्या शेडमध्ये हे बहुधा पहिल्यांदा घडलेले नसते. मागच्या बॅचला थोडे नुकसान झालेले असते, त्याआधी त्याहून थोडे, आणि या वेळी निम्मा माल गेलेला असतो.

रेशीम अळी आपल्या आयुष्यातल्या एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला पाचव्या अवस्थेतल्या सात-आठ दिवसांत खाते, कारण रेशीम ग्रंथी याच काळात भरते. त्यामुळे अळी या दिवसांत मेली की पाला, मजुरी आणि महिन्याभराची मेहनत जवळजवळ पूर्ण खर्च झालेली असते आणि हातात कोष मात्र येत नाही. अशा वेळी माणूस घाबरून औषध शोधतो, पाल्यावर काहीतरी फवारतो, कोणी सुचवलेले प्रतिजैविक आणून देतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की अळी पाचव्या अवस्थेत मरत असली तरी रोग तिला त्याआधीच लागलेला असतो, आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या या रोगाचे मूळ बहुतेक वेळा मागच्या बॅचनंतर शेड ज्या पद्धतीने साफ केले त्यात असते. दुरुस्ती तिथूनच सुरू करावी लागते.

आधी रोग नेमका ओळखा

या दिवसांत अळ्या मरण्याची कारणे पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, म्हणून ओळख पटल्याशिवाय काहीही करू नये.

सर्वांत जास्त आढळतो तो ग्रासरी. हा विषाणूजन्य रोग आहे. अळीची कातडी ताणून चकचकीत होते, शरीराचे सांधे फुगून वर येतात, अळी पाला सोडून अस्वस्थपणे बेडच्या कडेकडे फिरत राहते, आणि कातडी इतकी नाजूक होते की जरा धक्का लागला तरी फुटून आतून दुधासारखा गढूळ द्रव बाहेर येतो. चंद्रिकेवर चढल्यानंतर मेलेली अळी पोटाच्या पायांनी धरून डोके खाली करून लोंबकळत राहते. शंका असेल तर संशयित अळीचा पोटाचा एक पाय कात्रीच्या टोकाने अगदी थोडा कापून रक्ताचा थेंब काचेच्या तुकड्यावर घ्यावा आणि शेजारी एका निरोगी अळीचा थेंब ठेवावा. निरोगी अळीचे रक्त पारदर्शक असते, ग्रासरी झालेल्या अळीचे दुधाळ असते. या परीक्षेला पैसे लागत नाहीत आणि दोन मिनिटांत निकाल मिळतो, तरीही ती फार थोडे शेतकरी करतात, याचे मला वाईट वाटते.

फ्लॅचरीमध्ये अळी फुगत नाही, उलट ढिली पडते. ती खाणे कमी करते, तिला पातळ हगवण लागते, कधी तोंडातून पाणी येते, आणि मेल्यावर शरीर काळे पडून कुजते व घाण वास सुटतो. यामागे जिवाणू असतात किंवा विषाणू, आणि त्यांना वाट करून देणाऱ्या गोष्टी म्हणजे उष्णता, कोंदट हवा, ओला किंवा शिळा पाला आणि दाटी. मस्कार्डिन हा बुरशीचा रोग असून तो पावसाळ्यात आणि थंडीत, म्हणजे ओल जास्त आणि तापमान कमी असताना येतो. मेलेली अळी कुजत नाही, कडक होते आणि एक-दोन दिवसांत खडूसारखी पांढरी पडते. इटलीच्या आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये याच रोगाचा अभ्यास करून एखाद्या सजीवाचा रोग सूक्ष्म जीवामुळे होतो हे दाखवून दिले होते. आज त्या बुरशीला त्यांचेच नाव आहे.

अळीच्या अंगावर ठिपक्याएवढा काळा डाग दिसत असेल तर ती उझी माशी आहे. माशी अळीच्या अंगावर अंडे घालते, त्यातून निघालेली तिची अळी कातडी भेदून आत शिरते आणि तिथेच वाढते. उपाय म्हणजे दारे-खिडक्यांना बारीक जाळी आणि दुहेरी दार, यापेक्षा वेगळे काही नाही.

कीटकनाशकाची बाधा मात्र रोग समजून अनेकदा फसगत करते. शेजारच्या कापसावर, सोयाबीनवर किंवा तुरीवर फवारणी झाली आणि वारा बागेच्या दिशेने होता, की तो पाला खाल्लेल्या अळ्या काही तासांतच डोके वर करून झटके देतात, तोंडातून हिरवट द्रव टाकतात, अंग आखडून लहान होतात आणि एकाच वेळी मोठ्या संख्येने मरतात. रोगाने इतक्या झपाट्याने आणि इतक्या सरसकट अळ्या मरत नाहीत. कीटकांच्या वाढीत अडथळा आणणाऱ्या काही औषधांचा अंश पाल्यावर असेल तर अळ्या मरतही नाहीत. त्या पिकण्याचा, म्हणजे कोष बांधायला तयार होण्याचा, दिवस उलटून गेला तरी खात राहतात आणि शेवटी चंद्रिकेवर नुसत्या फिरतात, कोष बांधत नाहीत. अशा वेळी शेड कितीही धुतले तरी उपयोग होणार नाही. शेजाऱ्याशी फवारणीच्या वेळेबद्दल बोलणे, बांधालगतच्या दोन-चार ओळींचा पाला अळ्यांना न देणे आणि शंका आली तर आधी मूठभर अळ्यांना तो पाला घालून एक दिवस पाहणे हाच मार्ग आहे.

राहिला पेब्रिन. तो आईच्या पोटातून अंड्यात उतरतो आणि अशा अळ्या बहुधा लहान वयातच मागे पडतात, लहान-मोठ्या दिसतात आणि मरतात. फ्रान्समधील रेशीम उद्योग या रोगाने मोडकळीला आला तेव्हा लुई पाश्चर १८६५ मध्ये आलेस या गावी गेले आणि अंडी घातलेली प्रत्येक मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगी मादीची अंडी नष्ट करण्याची पद्धत त्यांनी रुजवली. आपल्याला मिळणारे अंडीपुंज (एका मादीने घातलेल्या अंड्यांचे समूह) आजही त्याच तत्त्वावर तपासलेले असतात, म्हणून अधिकृत ठिकाणाहूनच अंडीपुंज किंवा चॉकी घेतली असेल तर पाचव्या अवस्थेतल्या मरतुकीचे कारण म्हणून पेब्रिनचा विचार सर्वांत शेवटी करावा.

येथून पुढे मी मुख्यतः ग्रासरीबद्दल लिहितो, कारण दर बॅचला थोडा-थोडा वाढत जाणारा रोग बहुतेक वेळा तोच असतो. साफसफाईचा भाग मात्र फ्लॅचरी आणि मस्कार्डिनलाही तितकाच लागू आहे.

मरण्याच्या दिवसावरून मागे मोजा

विषाणू पोटात गेल्यापासून मोठी अळी मरेपर्यंत साधारण ५ ते ७ दिवस जातात, लहान अळीत त्याहून थोडे कमी. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर रोग कुठून आला ते बऱ्याच अंशी कळते. पाचव्या अवस्थेच्या सहाव्या दिवशी अळ्या मोठ्या संख्येने मरू लागल्या तर त्यांनी विषाणू चौथ्या मोल्टच्या आगेमागे खाल्लेला आहे. त्या वेळी तो बेडवर कुठून आला? बहुधा चौथ्या अवस्थेत ज्या पाच-दहा अळ्या मेल्या आणि ज्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही, त्यांच्यातून. एक फुटलेली अळी आपल्या भोवतीचा पाला दुधाळ द्रवाने माखते आणि तो पाला शेजारच्या अळ्या खातात. अशा एका फेरीत पाचाच्या पन्नास आणि पुढच्या फेरीत पन्नासाच्या हजारो होतात.

म्हणून प्रत्येक बॅचची साधी नोंद ठेवावी: पहिली रोगी अळी कोणत्या अवस्थेत, कितव्या दिवशी आणि शेडच्या कोणत्या रॅकवर दिसली. चॉकी दुसऱ्या मोल्टनंतर घरी येते. घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच, म्हणजे तिसऱ्या अवस्थेत, सुजलेल्या अळ्या दिसल्या तर लागण चॉकीसोबत आलेली आहे आणि त्या चॉकी केंद्राशी स्पष्ट बोलावे. त्याच केंद्राची चॉकी नेलेल्या इतर शेतकऱ्यांनाही विचारावे. तिसरी अवस्था पूर्ण निरोगी गेली आणि चौथीच्या शेवटी किंवा पाचवीत पहिली अळी सुजली, तर दोष चॉकीवर ढकलू नये. विषाणू आपल्याच शेडमध्ये होता.

रोग परत का येतो

ग्रासरीचा विषाणू उघडा राहत नाही. मेलेल्या अळीच्या शरीरात तो प्रथिनांच्या सूक्ष्म, बहुपैलू स्फटिकांमध्ये बंद झालेला असतो आणि हे कवच त्याला कोरडेपणा व काळ यांच्यापासून दीर्घकाळ वाचवते. भिंतीच्या भेगेत, मातीच्या जमिनीत, रॅकच्या सुतळीत, चंद्रिकेच्या खाचांत तो पुढच्या बॅचची वाट पाहत राहू शकतो. रेशीम अळीची पचननलिका अतिशय अल्कधर्मी असते; पाल्यासोबत गिळलेले कवच तिथे विरघळते आणि मोकळा झालेला विषाणू अळीच्या पेशींत शिरतो.

निर्जंतुकीकरणाचे शास्त्र नेमके याच गोष्टीवर उभे आहे. ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात विझवलेला चुना मिसळायला सांगतात तो भिंत पांढरी करण्यासाठी नाही. चुन्याची अल्कता भिंतीवरच त्या कवचाला विरघळवते आणि उघडा पडलेला विषाणू क्लोरीन मारते. चुना वगळून नुसती ब्लीचिंग पावडर फवारली तर हे काम अर्धवट राहते, आणि मला दिसलेल्या पुष्कळ शेडमध्ये नेमका चुनाच वगळलेला असतो, कारण त्याने पंपाचा नोझल तुंबतो. द्रावण कापडातून गाळून घ्यावे. चुना सोडू नये.

हेही समजून घेतले पाहिजे की हा कीटक पूर्णपणे माणसावर अवलंबून आहे. चीनमध्ये हजारो वर्षांपूर्वी रानटी जातीपासून माणसाळलेल्या या पतंगाला पंख असूनही उडता येत नाही आणि त्याची अळी पाला संपला तर दुसरीकडे शोधायला जात नाही. रानातली अळी झाडावर विखुरलेली असते, म्हणून एकीचा रोग दुसरीला सहज लागत नाही. आपण १०० अंडीपुंजांमागे ४० ते ५० हजार अळ्या एकाच छपराखाली ठेवतो. तिला जे टाळता येत नाही ते तिच्यासाठी आपणच टाळायचे आहे, ही जबाबदारी मी फार गांभीर्याने मानतो.

दोन बॅचमधील साफसफाई: क्रम चुकवू नका

बहुतेक ठिकाणी कोष काढले की लगेच झाडू हातात घेतला जातो. इथेच चूक होते. कोरड्या शेडमध्ये झाडू मारला की रोगी अळ्यांचा चुरा, विष्ठा आणि बुरशीचे बीजाणू धुळीसोबत उडून छतापर्यंत जातात आणि बाहेर बागेत पसरतात. कोष काढल्यावर काहीही न हलवता आधी पूर्ण शेड, रॅक आणि उरलेल्या फांद्यांवर निर्जंतुक द्रावण फवारावे, एक दिवस शेड बंद ठेवावे आणि मग कचरा बाहेर काढावा. त्यानंतर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने भिंती, जमीन आणि रॅक धुवावेत, कोरडे होऊ द्यावेत, आणि पुढची चॉकी येण्याच्या तीन-चार दिवस आधी दुसऱ्यांदा फवारणी करावी. घाणीवर फवारलेले क्लोरीन घाणीतच संपते, म्हणून दुसरी फवारणी स्वच्छ धुतलेल्या पृष्ठभागावरच खरी लागू पडते.

द्रावण असे करावे: १०० लिटर पाण्यात २ किलो ब्लीचिंग पावडर आणि ३०० ग्रॅम विझवलेला चुना. ब्लीचिंग पावडर ३० टक्के क्लोरीनची आणि बंद पाकिटातली ताजी असावी. उघड्या पोत्यात उन्हाळाभर पडून राहिलेल्या पावडरीतले क्लोरीन उडून गेलेले असते आणि तिचा खर्च वाया जातो. द्रावण ज्या दिवशी करायचे त्याच दिवशी वापरावे. भिंती, छताची आतली बाजू आणि जमीन ओघळ येईपर्यंत भिजली पाहिजे. मोकळ्या हवेत, नाकातोंडाला मास्क, हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालूनच हे काम करावे, ब्लीचिंग पावडर फॉर्मालिनमध्ये किंवा कोणत्याही आम्लात कधीही मिसळू नये, आणि काम झाल्यावर पंप स्वच्छ धुवावा, नाहीतर धातूचे भाग गंजतात. क्लोरीन डायऑक्साइडची तयार निर्जंतुके बाजारात मिळतात आणि तीही चांगली आहेत. त्यांचे प्रमाण पाकिटावरील सूचनेप्रमाणे घ्यावे, पण त्यांच्यासोबतही ०.५ टक्के विझवलेला चुना वापरावा.

चंद्रिकेबद्दल वेगळे लिहायला हवे. शेवटच्या दिवसांत मरणाऱ्या अळ्या चंद्रिकेवरच फुटतात, त्यामुळे सर्वांत जास्त विषाणू तिच्यावर असतो, आणि नेमकी तीच वस्तू गावात एकमेकांना उसनी किंवा भाड्याने दिली जाते. एका शेडचा रोग दुसऱ्या शेडमध्ये पोहोचण्याचा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही. आपल्या गरजेपुरत्या चंद्रिका स्वतःच्या असाव्यात. प्लास्टिकच्या चंद्रिकांवरचा रेशमाचा गुंता काढून त्या वरील द्रावणात पूर्ण बुडवून ठेवाव्यात आणि कडक उन्हात वाळवून घ्याव्यात. उसनी आणावीच लागली तर वापरण्याआधीही बुडवावी, देणाऱ्याने धुतली असे सांगितले तरीही. हाच नियम जाळ्या, प्लास्टिकचे कागद, पाला वाहण्याची पोती आणि विळे यांना लागू आहे.

शेडमधून काढलेला कचरा खड्ड्यात कुजवावा आणि तो खड्डा शेड व बागेपासून दूर असावा. बेडवरच्या फांद्या अनेक घरांत शेळ्यांपुढे टाकल्या जातात. शेळ्यांना त्याने काही होत नाही, पण रोगी बॅचच्या फांद्या अशा अंगणभर पसरल्या की त्यांची घाण पायांना लागून परत शेडमध्ये येते. रोग आलेल्या बॅचचा कचरा न कुजवता बागेत खत म्हणून टाकणे तर पूर्ण थांबवावे.

एका बॅचमागून दुसरी बॅच लगेच घेण्याचा मोह मला समजतो. जालन्यात २०१८ मध्ये कोष बाजार सुरू झाल्यापासून माल कर्नाटकात रामनगरला नेण्याचा त्रास पुष्कळांचा वाचला आणि वर्षातून जास्त बॅच घेणे परवडू लागले. तरीही ज्या शेडमध्ये दोन बॅच सलग बिघडल्या तिथे तिसरी घेण्याआधी निदान आठ-दहा दिवस शेड रिकामे आणि उघडे ठेवून दोन्ही फवारण्या पूर्ण कराव्यात, असे माझे ठाम मत आहे.

बॅच चालू असताना

शेडमध्ये वेगळी चप्पल ठेवावी आणि दारात चुना व ब्लीचिंग पावडर ९५ ला ५ या प्रमाणात मिसळून पसरावी. दुसऱ्याच्या रोगी शेडमध्ये जाऊन आलेल्या माणसाने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय आपल्या अळ्यांना हात लावू नये. पाहुणे कितीही जवळचे असले तरी त्यांना जाळीबाहेरूनच अळ्या दाखवाव्यात.

मोल्टच्या वेळी हलगर्जी झाली तर बॅच असमान होते आणि मागे राहिलेल्या अळ्याच आधी रोगाला बळी पडतात. बहुतेक अळ्या मोल्टला बसल्या की पाला बंद करून बेडवर चुन्याची भुकटी धुरळावी, म्हणजे बेड कोरडा राहतो. जवळजवळ सर्व अळ्या उठेपर्यंत पुन्हा पाला देऊ नये. उठल्यावर विजेतासारखी बेड निर्जंतुक करणारी पावडर अळ्यांवर एकसारखी धुरळावी, अर्धा तास थांबावे आणि मगच पाला टाकावा. नव्या कातडीच्या भुकेल्या अळ्या पहिला घास स्वच्छ पाल्याचा घेतील, हा त्यामागचा हेतू आहे. पाचव्या अवस्थेच्या चौथ्या दिवशी हीच पावडर आणखी एकदा द्यावी. हा चौथा दिवस पुष्कळजण चुकवतात.

मोठ्या अळ्यांना २४ ते २५ अंश तापमान आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे मिळत नाही, म्हणून छतावर उसाचे पाचट किंवा नारळाच्या झावळ्या टाकणे, खिडक्यांना ओली गोणपाटे लावणे आणि शेडभोवती सावली करणे आवश्यक आहे. एप्रिल-मेमध्ये शेड थंड ठेवण्याची सोय नसेल तर त्या काळात बॅच न घेणे किंवा निम्मीच घेणे शहाणपणाचे ठरेल. उष्णतेने विषाणू निर्माण होत नाही, पण अळीची ताकद खचते आणि जो विषाणू थोड्या अळ्यांपुरता राहिला असता तो शेडभर पसरतो. गारव्यासाठी अळ्यांवर किंवा पाल्यावर पाणी मारणे मात्र टाळावे, कारण ओल्या बेडवर फ्लॅचरी येते. १०० अंडीपुंजांना पाचव्या अवस्थेच्या शेवटी सुमारे ७०० चौरस फूट बेड लागतो. जागा कमी असेल तर अंडीपुंज कमी घ्यावेत.

बॅच आताच बिघडली असेल तर

ग्रासरी झालेल्या अळीला बरे करणारे औषध नाही. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूवर नाहीत. चालू बॅचमध्ये फक्त प्रसार कमी करता येतो. दिवसातून दोनदा, पाला देण्याआधी, काड्यांच्या चिमट्याने सुजलेल्या अळ्या न फोडता उचलून चुना आणि ब्लीचिंग पावडर घातलेल्या भांड्यात टाकाव्यात आणि शेवटी दूरवर खोल पुराव्यात. त्या बाहेर फेकू नयेत, कोंबड्यांना टाकू नयेत. बेडवर चुना धुरळावा, दाटी असेल तर बेड पसरावा, निरोगी रॅकचे काम आधी आणि रोगी रॅकचे शेवटी करावे. पिकलेल्या अळ्या वेचून लगेच वेगळ्या चंद्रिकांवर घ्याव्यात. रोगी रॅकवरच्या अळ्यांचे कोष वेगळे काढून वेगळे विकावेत, कारण आत मेलेल्या प्यूपाने (कोषात अळीचे होणारे पुढचे रूप) डागाळलेला कोष चांगल्या मालात मिसळला की पूर्ण मालाचा भाव पडतो.

वर सांगितलेला साफसफाईचा क्रम पूर्ण पाळूनही पुढची बॅच बिघडली, तर अंदाजावर थांबू नये. पाच-सहा आजारी पण जिवंत अळ्या हवा खेळणाऱ्या डब्यात घालून त्याच दिवशी जिल्हा रेशीम कार्यालयात न्याव्यात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून मागावी. कुजलेल्या अळीतून रोग ओळखणे अवघड जाते, त्यामुळे मेलेल्या नेऊ नयेत. सोबत अंडीपुंजांचा किंवा चॉकीचा लॉट क्रमांक, पहिली रोगी अळी दिसल्याची तारीख आणि रॅक, मागील पंधरा दिवसांत बागेत व शेजारी झालेल्या फवारण्या, आणि शेडमधले दुपारचे सर्वाधिक तापमान लिहून न्यावे.